पुण्याचे वाडे आणि त्यांचें भाडें

दिवाळी जवळ आली कीं आपल्या वार्षिक अंकांतून एका विशिष्ट जातीचा लेख हमखास येतो. त्याचा विषय पुण्याच्या पेठांतील एखादा जुना वाडा; लेखक बहुधा त्या वाड्यांत लहानाचा मोठा झालेला, पण आतां कोथरुडांत किंवा त्याहूनही दूर राहणारा. लेखांत दिंडीदरवाजा असतो, चौकांतला हौद असतो, पारिजातकाचा सडा असतो, कोणाच्याही पानावर हक्कानें जेवायला बसणारीं मुलें असतात, आणि शेवटीं वाडा पाडून त्या जागीं उठलेली सहा मजली इमारत असते. हे लेख आम्ही आवडीनें वाचतों. त्यांतील कांहींची भाषा खरोखरच गोड असते. परंतु इतक्या वर्षांच्या वाचनानंतर एक गोष्ट डोळ्यांत भरल्यावांचून राहत नाहीं. हौदाच्या पायऱ्या मोजणारा, कडीपाटाला लटकलेल्या झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकवणारा हा लेखक आपल्या वडिलांनीं त्या बिऱ्हाडाला महिना किती भाडें दिलें तें कधींही सांगत नाहीं.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत भाड्याची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. आम्हांस वाटतें कीं ती येथेंच झाली पाहिजे. कारण पेठांविषयीं आपल्या मनांत जें चित्र आहे तें अर्थशास्त्रज्ञांनीं काढलेलें नसून लेखकांनीं काढलेलें आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेनें पुणें शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती १९४५ आणि १९५२ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाली. कुटुंबें, त्यांचे धंदे, त्यांची मिळकत, सारें तींत पद्धतशीर नोंदलें आहे. ती इंग्रजींत राहिली आणि अभ्यासकांच्या कपाटांत गेली. मराठी कुटुंबांत वाचला गेला तो पारिजातक. ज्या वाङ्मयानें लोकांच्या मनांतलें शहर घडविलें, त्यानें काय वगळलें याचा हिशेब वाङ्मयाच्या टीकाकारानेंच मागितला पाहिजे.

वाडा हा मूळचा भाड्यानें देण्यासाठीं बांधलेला नव्हता. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला आणि १७३२ सालीं त्याची वास्तुशांत झाली. त्यानंतरच्या तीन पिढ्यांत सरदार, सावकार, मुत्सद्दी आणि आश्रित ब्राह्मण यांचीं घरें त्याच्याभोंवतीं उठलीं, आणि सदाशिवरावभाऊ, नारायणराव यांच्या नांवांनीं नव्या पेठा वसल्या. जोतें घडीव दगडाचें, सांगाडा सागवानी, वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती. बाहेरच्या चौकाभोंवतीं कारभार आणि आंतल्या चौकाभोंवतीं संसार, अशी त्याची रचना. १८१८ सालीं राज्य गेलें, आणि ज्या उत्पन्नावर हीं घरें पोसलीं जात होतीं तें आटत गेलें. घर मोठें आणि मिळकत लहान, या पेंचांत सांपडलेल्या मालकानें आपले सोपे आणि माड्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. दोन खांबांमधला जो खण, तो सुताराच्या हिशेबांतून निघून भाड्याच्या हिशेबांत आला. कोणाचें बिऱ्हाड दोन खणांचें, कोणाचें तीन खणांचें. मधें फळ्यांचा आडोसा. ज्याला आपण आज पुण्याची वाडासंस्कृति म्हणून गौरवितों ती पेशवाईनें दिलेली नाहीं. ती पेशवाईच्या पडझडींतून, मालकाच्या नाइलाजांतून निर्माण झालेली आहे.

आणि या नाइलाजानें निर्माण झालेल्या स्वस्ताईवर महाराष्ट्रानें काय काय उभारलें पाहा. १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत. १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें तें शनिवार पेठेंत गद्र्यांच्या वाड्यांत. टेंकडीच्या पायथ्याची दगडी इमारत नंतरची. परगांवाहून आलेले गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत, आणि कोणाच्या तरी माडीवर पथारी टाकीत. अनाथ विद्यार्थी गृह १९०९ सालीं निघालें, भारत इतिहास संशोधक मंडळ त्याच्या पुढच्याच वर्षीं. दोन्ही नांवें सदाशिव पेठेशीं जोडलेलीं आहेत. या लोकांपाशीं विचार होते, पैसा नव्हता. त्यांना बाजारभावानें नवी इमारत बांधावी लागली असती तर त्यांतील कितीएक गोष्टी चर्चेच्या बैठकींतच संपल्या असत्या. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनें न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज या जुन्या वस्तींत राहून १९६१ सालीं मोठ्या शहरांच्या जीवनमरणावर जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांत हाच सिद्धान्त मांडला आहे. नव्या बांधकामाचा खर्च नवख्या, बेभरंवशाच्या, थोड्या कमाईच्या उद्योगाला सोसत नाहीं. म्हणून अशा उद्योगाला शहरांतील जुन्या, झिजलेल्या इमारतींचाच आसरा असतो, असें तिचें म्हणणें. पुण्यानें हें शंभर वर्षें आधीं करून दाखविलें होतें. लिहून मात्र ठेवलें नाहीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. आमच्या थोर लेखकांनीं वाड्याकडे कधींच भाबड्या दृष्टीनें पाहिलेलें नाहीं, हें आजच्या स्मरणलेखकांच्या ध्यानांत आणून देणें अवश्य आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० नंतरच्या तीन वर्षांत 'करमणूक' पत्रांतून येत होती. तिच्यांतील यमूला मोकळा श्वास मिळतो तो पुण्याच्या भरल्या घरांत नव्हे, तर मुंबईच्या लहानशा स्वतंत्र बिऱ्हाडांत. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांत पुण्याच्या घरांतील बायकांनीं या शिकणाऱ्या सुनेला केलेला जाच इतक्या सौम्य शब्दांत सांगितला आहे कीं त्यामुळेंच तो अधिक बोंचतो. चौकाभोंवतालच्या माड्यांतून सर्वांना सर्व दिसतें. ज्या पुरुषाचा दिवस कचेरींत आणि संध्याकाळ व्याख्यानांत जाते, त्याला ही नजर म्हणजे शेजारधर्म वाटेल. जिचा सारा दिवस त्या नजरेखालीं जातो तिला ती पहारा वाटते. आजच्या गौरवलेखांत वाड्यांतील आई नेहमीं हंसतमुख असते. पहांटे नळाला पाणी येण्याआधीं तिला उठावें लागे, आठ बिऱ्हाडांना मिळून दोन शौचकूप असत, बाळंतपण आडोशाला फळी लावून होई, हें लिहिलें जातें तेव्हां विनोद म्हणून लिहिलें जातें.

येथें दोन सुप्रसिद्ध कृतींचा उल्लेख करणें भाग आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. तींत सगळेच बिऱ्हाडकरू, आणि मालक जवळजवळ पडद्याआड. महेश एलकुंचवार यांचें 'वाडा चिरेबंदी' १९८५ चें. त्यांतील विदर्भांतल्या देशपांड्यांच्या वाड्यांत सगळे मालकच, बिऱ्हाडकरू एकही नाहीं. दोन्ही कृति आपापल्या जागीं श्रेष्ठ. चाळ हसवितां हसवितां शेवटच्या चिंतनांत डोळ्यांत पाणी आणते. चिरेबंदी वाडा अंगणांत गंजत पडलेल्या ट्रॅक्टरासह आपल्या छातीवर बसतो. पण पुण्याचा वाडा यांपैकीं कोणत्याच जातीचा नव्हे. त्यांत मालक आणि भाडेकरू एकाच चौकाभोंवतीं राहतात, एकाच दिंडींतून ये-जा करतात, एकमेकांच्या घरच्या मंगळागौरीला जातात आणि एकमेकांवर न्यायालयांत दावा चालवितात. याहून अधिक नाट्य कोणत्या कथानकांत असेल? तरी हा विषय पेलणारी मोठी कृति मराठींत झालेली नाहीं. जें झालें तें ललितलेखांच्या मापाचें, आणि ललितलेखाला दाव्याचे कागद पेलवत नाहींत.

त्या दाव्यांचें मूळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जागांची टंचाई झाली. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा तिच्यावरचा उपाय होता. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें असेल तें प्रमाण भाडें धरावें, आणि भाडें देणाऱ्या भाडेकरूला सहजासहजीं काढतां येऊं नये, अशी त्याची मुख्य तरतूद. उपाय तात्पुरता म्हणून आला आणि अर्धें शतक टिकला. पगार वाढले, सिमेंट महागलें, सोनें कोठल्या कोठें गेलें. दोन खणांचें भाडें १९४० च्या तारखेशीं उभें राहिलें. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें या गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी कालांतरानें अवाजवी ठरल्या असल्याचें मत दिलें, आणि १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. दहा रुपये भाड्यावर ही वाढ पहिल्या वर्षीं चाळीस पैसे होते. चाळीस पैशांत कौल बदलत नाहींत.

या कायद्याची बाजू घ्यावी कीं मालकाची, याविषयीं आमचें मत अगदीं एकेरी नाहीं. त्याच्याच आधारानें शाळामास्तर, छापखान्यांतले जुळारी, पेन्शनीत कारकून आणि पांढऱ्या कपाळाच्या म्हाताऱ्या शहराच्या मध्यभागीं राहूं शकल्या. पायीं चालत ग्रंथालयाला, मंडईला, व्याख्यानमालेला जाऊं शकल्या. मराठी मासिकांना जो वाचक मिळाला, संगीत नाटकांना जो प्रेक्षक मिळाला, त्याच्या खिशांत पुस्तकाला आणि तिकिटाला चार पैसे उरत याचें एक कारण त्याचें भाडें होतें. उलट, मालकाच्या घरीं तीच रक्कम येई आणि तींत वाळवी लागलेला खांबही बदलतां येत नसे. बाहेरून वाडेवाला म्हणविणारा माणूस आंतून आपल्या भाडेकरूहून गरीब असे. भाडेकरू दुरुस्ती करीना कारण घर त्याचें नव्हे. मालक करीना कारण उत्पन्न त्याचें नव्हे. वाडा पडावा याची वाट पाहणें हाच दोघांचा व्यवहार झाला, मालकाला जागेसाठीं आणि भाडेकरूला नव्या इमारतींतल्या मोबदल्यासाठीं. दिवाळी अंकांतला लेखक 'काळाच्या ओघांत वाडा पडला' असें लिहितो तेव्हां ओघ कोणता, हें त्यानें सांगावयास हवें होतें.

पुणेरी पाट्यांचेंही असेंच झालें आहे. त्या पाट्यांवर हंसणें हा आतां एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून पुणेकराच्या स्वभावांतील खोंचकपणा हें त्याचें ठरलेलें निदान आहे. आम्हांस हें निदान वरवरचें वाटतें. एक जिना, एक नळ, एक दिंडी आणि आठ बिऱ्हाडें, अशा ठिकाणीं सायकल कोठें लावावी, कडी कोणीं घालावी, दुपारीं एक ते चार कोणाला हांक मारूं नये, हें लिहून ठेवल्यावांचून चालत नाहीं. तोंडानें सांगितलें तर भांडण होतें; पाटीनें सांगितलें तर होत नाहीं, निदान रोज होत नाहीं. दाटीनें राहणाऱ्या लोकांनीं स्वतःसाठीं केलेले हे कायदे आहेत, आणि त्यांची भाषा कायद्याप्रमाणेंच तुटक आहे. ज्यांच्या बंगल्याला स्वतःचें फाटक आहे त्यांनीं त्यांवर हंसावें यांत नवल नाहीं.

मात्र पेठांच्या या स्वस्ताईला दार होतें आणि त्या दारावर राखण होती, हें स्मरणलेखांतून सर्वांत अधिक गळतें. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतील खोली मिळण्यास आधीं आडनांव पुरावें लागे. शिधा, सोंवळें, आडाचें पाणी यांच्या नांवाखालीं जात विचारली जाई आणि ती योग्य नसली तर खोली रिकामी नाहीं असें उत्तर मिळे. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजहून नळानें पाणी आणून शहराचे हौद भरले, ही गोष्ट प्रत्येक लेखांत असते; आणि ती असावीच, कारण काम खरेंच अचाट आहे. परंतु पुण्यांत आणखी एक हौद आहे. गंज पेठेंत, जिला आज महात्मा फुले पेठ म्हणतात, जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठीं खुला केला. पहिल्या हौदाचें वर्णन करणाऱ्या शंभर लेखांत दुसऱ्याचें नांव एखाद्यांत आढळतें. जुन्या पुण्याचें वाङ्मय म्हणजे वस्तुतः तीन-चार पेठांचें वाङ्मय आहे. भवानी, नाना, गंज, मंगळवार येथेंही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांनाही शेजार होता, त्यांचींही घरें पडलीं. कसब्यांतील तांबट आळी घ्या. पेशव्यांच्या आश्रयानें आलेल्या तांबटांची ही वस्ती. खालीं भट्टी आणि ऐरण, वर संसार. तांब्याचें भांडें ठोकून त्यावर मठार उठविण्याचा आवाज सकाळपासून चालतो. हा धंदा टिकावयास दोन गोष्टी लागतात. जागा स्वस्त हवी, आणि शेजारी असा हवा कीं ज्याला त्या आवाजाची तक्रार नाहीं. नव्या इमारतींत पहिली गोष्ट मिळत नाहीं आणि दुसरी तर करारानेंच नाहींशी होते.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यांत विरघळल्या, सागवानी सांगाडे उघडे पडले. पेठ सोडून माळावर जाण्याचा जो ओघ आधींपासून हळूहळू वाहत होता त्याला त्या एका दिवसानें वेग दिला. आमच्या समजुतीनें आजच्या स्मरणलेखाचा जन्म येथें आहे. जो निघून गेला त्यानें आठवण लिहिली. जो राहिला तो छपराखालीं ताडपत्री बांधीत होता, आणि त्याच्या त्या दिवसांचें वर्णन करण्यास कोणी मोकळें नव्हतें.

आज पेठांत काय आहे? महाग सदनिका आहेत, हें खरें. १९६० पूर्वींचा भाडेकरू आणि दोन कोटींचा खरेदीदार एकाच उद्वाहकांतून वर जातात. मंडईखालून २०२४ पासून मेट्रो धांवते. भिडे वाडा दीर्घ न्यायालयीन वादानंतर २०२३ च्या डिसेंबरांत पाडला गेला, तेथें राष्ट्रीय स्मारक व्हावयाचें म्हणून. परंतु उरलेल्या जुन्या घरांच्या माड्यांवर एक नवा बिऱ्हाडकरू आलेला आहे. तो लातूर, बीड, नांदेड, चंद्रपूर येथून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठीं येतो. त्याला खण मिळत नाहीं, एक खाट मिळते, आणि व्यवहारही 'कॉट बेसिस' या नांवानेंच होतो. दिवसा तो अभ्यासिकेच्या हातभर मेजाशीं बसतो, दोन्ही वेळ मेसच्या डब्यावर राहतो, घरून येणाऱ्या पैशांचा हिशेब भिंतीवर लिहितो. सव्वाशें वर्षांपूर्वीं वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचा हा सख्खा वंशज. मात्र त्याच्या आडनांवांत ते सारे गांव आणि त्या साऱ्या जाती आल्या आहेत ज्यांना पूर्वीं दिंडीवरून परतविलें जाई. पेठांच्या इतिहासांत याहून मोठा पालट झालेला नाहीं. आणि पेठांचा गौरवलेख याच्याकडे कसा पाहतो? 'वाड्यांत आतां परकीं मुलें राहतात, जिन्यांत चपलांचा ढीग असतो' एवढ्या एका वाक्यांत त्याची बोळवण होते. ज्यांच्या वडिलांची पथारीही एके काळीं कोणाच्या तरी जिन्यांत होती, त्यांनीं हें वाक्य लिहावें याचें आम्हांस दुःख होतें.

या मुलाची खाटही फार दिवस स्वस्त राहील असें चिन्ह नाहीं. ग्रेनिच व्हिलेजचें काय झालें हें सर्वश्रुत आहे. ज्या गल्लींत होतकरू चित्रकार आणि लेखक कमी भाड्यासाठीं येत, तेथें आज अतिश्रीमंतांखेरीज कोणास घर घेणें परवडत नाहीं, आणि पूर्वीं तेथें चित्रकार राहत हीच त्या किंमतीची जाहिरात असते. पेठांतील नव्या इमारतींच्या जाहिरातींतून 'सांस्कृतिक पुण्याच्या हृदयस्थानीं' हे शब्द आम्ही वाचतों तेव्हां ते कोठून घेतले आहेत हें ओळखूं येतें. ते आमच्याच दिवाळी अंकांतून घेतलेले आहेत.

म्हणून स्मरणलेख लिहिणाऱ्यांस आमची एक साधी विनंती आहे. पुष्कळ घरांतून, जुन्या ट्रंकेच्या तळाशीं, लग्नाच्या याद्या आणि जन्मपत्रिका यांच्याखालीं भाड्याच्या पावत्या अजून सांपडतात. कांहींवर महिना, रक्कम आणि मालकाची सही याखेरीज 'नळपट्टी वेगळी' किंवा 'दुरुस्तीबद्दल वजा' असा एखादा शेराही असतो. पुढच्या दिवाळीला पारिजातकाऐवजीं त्या पावत्यांपासून आरंभ करावा. मालकांच्या घरींही त्याच पावत्यांचीं स्थळपुस्तकें असतील. कोणी दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या तर अधिकच चांगलें.